मोझांबिकचे 1920 चे हस्तपुस्तक : आरमाराला ते का लिहावे लागले?

1920 साली लंडनच्या सरकारी प्रकाशन कार्यालयाने एक जाडजूड पुस्तक विक्रीला काढले. नाव अगदी रुक्ष : ‘अ मॅन्युअल ऑफ पोर्तुगीज ईस्ट आफ्रिका’. त्यावर लेखकाचे नाव नाही. ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागातील भूगोल शाखेने ते तयार केले, एवढाच उल्लेख. पाचशेहून अधिक पानांचे हे पुस्तक म्हणजे आजच्या मोझांबिकची त्या काळची सरकारी कुंडली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ते क्वचितच येते, आणि आले तरी फार दिवस पडून राहत नाही.

पोर्तुगाल म्हणजे ब्रिटनचा चौदाव्या शतकापासूनचा दोस्त. मग दोस्ताच्या वसाहतीची अशी खडान्‌खडा माहिती आरमाराने का गोळा केली?

सुरुवात मोझांबिकच्या उत्तरेला, त्या वेळच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत होते. ऑक्टोबर 1914 मध्ये मुंबईहून सुमारे आठ हजारांची हिंदी फौज बोटींतून निघाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टांगा बंदरावर उतरली. समोर जर्मन सेनापती लेटो-फोरबेक होता. त्याच्याकडे जेमतेम हजारभर शिपाई, तेही बहुतेक स्थानिक आफ्रिकी. तरीही तीन दिवसांत आपली माणसे मार खाऊन परत बोटींवर चढली. शत्रू किती आहे, किनाऱ्यामागे झाडी कशी आहे, वाटा कुठे जातात, याची धड कल्पना कोणालाच नव्हती. नकाशांचा आणि माहितीचा असा दुष्काळ ब्रिटिशांना पुढे आणखी मोर्चांवरही जाणवला. 1915 मध्ये आरमाराने ही भूगोल शाखा उभी केली आणि तिची सूत्रे एच. एन. डिक्सन या भूगोलतज्ज्ञाकडे दिली. अरबस्तान, मेसोपोटेमिया, जर्मन पूर्व आफ्रिका अशी एकेक हस्तपुस्तके तिथे तयार होऊ लागली. युद्धाच्या काळात ती अधिकाऱ्यांपुरतीच होती. सर्वसामान्यांना विकत मिळू लागली ती शांतता झाल्यावर.

मोझांबिकची पाळी आली ती लेटो-फोरबेकमुळेच. मार्च 1916 मध्ये जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले. पोर्तुगीजांनी रोवुमा नदीच्या मुखाजवळचा किओंगा हा चिमुकला प्रदेश घेतला, पण पुढची चढाई फसली. 25 नोव्हेंबर 1917 ला लेटो-फोरबेकने उलट रोवुमा ओलांडून न्गोमानोचा पोर्तुगीज तळ लुटला. त्याच्या उपाशी फौजेला तिथे बंदुका, काडतुसे आणि शिधा आयताच मिळाला. त्यानंतरचे दहा महिने तो मोझांबिकभर फिरत राहिला आणि जुलै 1918 मध्ये थेट केलिमाने बंदराजवळच्या नामाकुरा गावापर्यंत येऊन धडकला. ब्रिटिश तुकड्या त्याच्या मागे. दोस्ताचा मुलूख, पण पुढच्या मुक्कामावर पाणी मिळेल का, हे सांगणारे कोणी नाही.

कारण तिथे पोर्तुगीज राज्य होते तरी कितीसे? 1891 मध्ये ब्रिटनशी सरहद्दीचा करार झाला तेव्हा लिस्बनकडे वसाहत होती, ती चालवायला पैसा नव्हता. म्हणून मुलूख सनदी कंपन्यांना देऊन टाकला. मध्य भागातले मानिका आणि सोफाला मोझांबिक कंपनीकडे. रोवुमा ते लुरिओ या नद्यांमधला सगळा उत्तर भाग न्यासा कंपनीकडे. कर बसवणे, जकात घेणे, पोलीस ठेवणे, इतकेच काय, टपाल तिकिटे छापणेसुद्धा कंपन्यांच्या हाती. भांडवल मोठ्या प्रमाणात परकीय. न्यासा कंपनीने तर न्यासा सरोवरापर्यंत रेल्वे नेण्याचे कबूल केले होते. ती रेल्वे कधीच झाली नाही. झोपडीपट्टी मात्र वसूल होत राहिली. झोपडीपट्टी म्हणजे दर झोपडीमागे द्यावा लागणारा कर. तो भरायचा तर मजुरी करायची, नाही केली तर वेठ. पुस्तकातली प्रशासनाची आणि मजुरांची प्रकरणे हे डोक्यात ठेवून वाचावीत. एरवी ती नुसती खात्यांची आणि हुद्द्यांची यादी वाटते.

इथे गोव्याचा धागा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. दीवच्या बनियांनी गुजराती कापड तिकडे नेले, हस्तिदंत इकडे आणले. त्याच वाटेने म्हापशात जन्मलेला मानुएल आंतोनियू द सोझा तिकडे गेला आणि ‘गौवेया’ या नावाने मोठा जमीनदार झाला. स्वतःची सशस्त्र माणसे बाळगून त्याने बारुए हे तिथले आफ्रिकी राज्य अंकित केले; तिथल्या राजघराण्याशी सोयरीकही केली. नोव्हेंबर 1890 मध्ये सिसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योगपतीच्या कंपनीच्या माणसांनी त्याला मानिकात पकडले. तो कैदेत असतानाच बारुए फिरले. सुटून तो ते परत घ्यायला गेला आणि 1892 मध्ये त्या लढाईत मारला गेला. पोर्तुगीजांना बारुए जिंकायला 1902 उजाडले. एका गोमंतकीयाची ही कारकीर्द आपल्याकडे इतकी अपरिचित का, याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्याच बारुएत मार्च 1917 मध्ये मोठा उठाव झाला. तात्कालिक कारण हमालांची सक्तीची भरती. त्से-त्से माशीमुळे त्या पट्ट्यात बैल-घोडे टिकत नसत, तेव्हा फौजेचा शिधा आणि दारूगोळा माणसांच्या डोक्यावरूनच जाई. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत असे हमाल ताप, हगवण आणि उपासमारीने हजारोंनी मेले. लढाईत पडलेल्या शिपायांपेक्षा कितीतरी जास्त.

माझ्या मते या हस्तपुस्तकाचे मोल आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत. ते फौजेच्या नजरेने लिहिले आहे. नदी म्हणजे उतार कुठे मिळेल, गाव म्हणजे धान्य किती निघेल, जमात म्हणजे ओझी वाहायला किती माणसे मिळतील. म्हणूनच बंदरे, वाटा, हवामान, पिके यांचा त्या काळचा इतका बारकाईचा तपशील एका जागी दुसरीकडे सापडणे कठीण. आणि म्हणूनच त्यातली माणसांची वर्णने जशीच्या तशी उचलू नयेत.

पुस्तक हाताळणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. त्यातली नावे आजच्या नकाशावर सापडत नाहीत : लोरेन्सो मार्किस म्हणजे मापुतो, पोर्तो अमेलिया म्हणजे पेंबा, विला पेरी म्हणजे शिमोयो. कंपन्यांच्या हद्दीही पुसल्या गेल्या. न्यासा कंपनीची सनद 1929 मध्ये संपली, मोझांबिक कंपनीची सत्ता 1942 पर्यंत चालली, आणि देश स्वतंत्र झाला तो 25 जून 1975 ला. विकत घेणार असाल तर आधी नकाशे आहेत का ते पाहा. लष्करी हस्तपुस्तकांतले नकाशे वापरणाऱ्यांनी काढून नेलेले असतात, आणि नकाशांवाचून या पुस्तकातले वाटांचे वर्णन समजून घेणे फार अवघड जाते.