सहा पिकोसेकंदांचं चुंबक

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एका निर्वात कक्षात धातूचा किंवा काचेचा तुकडा बसवलेला असतो. त्यावर लेसरचा स्पंद येऊन आदळतो. तो टिकतो 30 फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचाही हजारावा भाग). एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम 9 मायक्रोमीटर पुढे जातो, केसाच्या जाडीपेक्षा कमी. तेवढ्यात पृष्ठभागावरच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि घन पदार्थाचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचं तप्त मिश्रण, होतो. त्या जागी बारीकसा खड्डा पडतो, म्हणून पुढच्या स्पंदाआधी तुकडा सरकवून कोरी जागा समोर आणावी लागते.

असा प्लाझ्मा तयार करणं आज अनेक प्रयोगशाळांना जमतं. स्पंद आधी ताणायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आखडून घ्यायचा, ही डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांची 1985 मधली युक्ती त्यामागे आहे. तिला 2018 मध्ये नोबेल मिळालं. अवघड भाग त्यापुढचा. जन्मताच विरू लागणाऱ्या गोष्टीचं मोजमाप करायचं कसं? टीआयएफआरचे भौतिकशास्त्रज्ञ जी. रवींद्र कुमार यांची कारकीर्द याच प्रश्नाभोवती उभी राहिली आहे. पीएचडी आयआयटी कानपूरची, आणि 1990 च्या दशकापासून कर्मभूमी टीआयएफआर.

इतकं जलद घड्याळ कुठल्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणात नाही. म्हणून प्रकाशालाच कामाला लावतात. मूळ स्पंदातून एक दुबळा स्पंद वेगळा काढायचा आणि त्याला आरशांवरून थोड्या लांबच्या वाटेने न्यायचं. पहिला स्पंद प्लाझ्मा घडवतो, दुसरा मागून येऊन त्याची स्थिती टिपतो. आरसा 0.15 मिलिमीटर मागे सरकवला, की जाण्यायेण्याची वाट 0.3 मिलिमीटरने वाढते आणि दुसरा स्पंद एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद, उशिरा पोहोचतो. दर वेळी कोरी जागा, दर वेळी आरसा थोडा पुढेमागे, आणि अशा असंख्य नोंदींमधून एकाच घटनेचा क्रम उभा राहतो. या चिकाटीला माझ्या लेखी लेसरच्या ताकदीपेक्षा जास्त मोल आहे.

2002 मध्ये याच पद्धतीने कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्मातलं चुंबकीय क्षेत्र मोजलं. चुंबकीय क्षेत्रातून गेलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, बदलतं, आणि त्या बदलावरून क्षेत्राची तीव्रता काढता येते. आकडा आला 2 कोटी 70 लाख गॉस. पृथ्वीचं क्षेत्र साधारण अर्धा गॉस असतं, म्हणजे हे त्याच्या पाच कोटी पटींहून जास्त. आणि आयुष्य फक्त 6 पिकोसेकंद: आरशाच्या एक मिलिमीटरपेक्षाही कमी सरकण्यात या महाकाय चुंबकाचा जन्म-मृत्यू आटोपतो.

ते इतक्या लवकर का विरतं, याचं उत्तर शोधायला गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतले प्रेधिमान काव आणि त्यांचे सहकारी सोबत होते. लेसरच्या माऱ्याने तापलेले इलेक्ट्रॉन आत घुसतात, तेव्हा प्लाझ्मातून उलट दिशेने परतीचा प्रवाह वाहू लागतो आणि आत घुसणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाला झाकून टाकतो. हा परतीचा प्रवाह अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने क्षीण होतो, हे या प्रयोगात प्रथमच थेट दिसलं. लेसरने इंधनाची गोळी पेटवून अणुसंमीलन घडवायच्या एका मार्गात असेच वेगवान इलेक्ट्रॉन गोळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावे लागतात. त्यामुळे त्यांची वाट कशी अडते हे कळणं तिथे कळीचं ठरतं.

वर्णपटाची, म्हणजे प्रकाशातल्या तरंगलांबींच्या मांडणीची, कमाल कुमार यांच्या गटाच्या 2010 च्या कामात दिसते. प्लाझ्माची घनता ठरावीक मर्यादेला पोहोचली, की प्रकाश आत शिरू शकत नाही, परावर्तित होतो. ही परावर्तनाची सीमा स्वतः हलत असेल, तर परतलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता लागतो, तसंच. सीमा सेकंदाला 100 किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर 400 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशात फरक पडेल जेमतेम पाव नॅनोमीटरचा. असा सूक्ष्म फरक वर्णपटमापकाने टिपून या गटाने दाखवलं, की प्लाझ्माची सीमा आधी आत दबते आणि मगच बाहेर फुगू लागते.

मला सर्वांत देखणं वाटतं ते 2015 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम. त्याच वर्षी कुमार यांना इन्फोसिस पुरस्कारही मिळाला. तापलेल्या प्लाझ्मात कमी-जास्त घनतेचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहतात आणि त्यातून चक्क ध्वनिलहरी उठतात. कंपनसंख्या सुमारे 1.9 टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन लाख कोटी कंपनं. माणसाच्या कानाची मर्यादा 20 हजारांची. ही कंपनं दोन वेगळ्या मार्गांनी पकडली: एकदा परतणाऱ्या प्रकाशाची तीव्रता मोजून आणि एकदा त्याच्या तरंगलांबीतला बदल मोजून. दोन्हींत तीच लय सापडली, तेव्हाच तिला ध्वनी म्हणण्यात आलं.