बर्कलेने २० हजार लेक्चर्स का काढून टाकली, आणि त्याआधी काय काय झालं होतं

२०१७ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीने आपली २० हजारांवर ऑडिओ-व्हिडिओ लेक्चर्स पब्लिकसाठी बंद करायला घेतली. फुकटात मिळत होती, जगभरातून लोक बघायचे. त्याआधी, या लेक्चर्सना कॅप्शन नाहीत अशी तक्रार झाली होती, त्यामुळे मग नेटवर जो राग निघाला तो बराचसा कर्णबधिर लोकांवरच निघाला, की तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आमचंही बंद करणार का. हा वाद अजूनही कोणी ना कोणी उकरून काढतं आणि दरवेळी अर्धीच गोष्ट सांगतं, म्हणून जरा लांबून सुरुवात करूया.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या दिव्यांग चळवळीचं माहेरघर म्हणावं असं गाव हे बर्कलेच. १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा तिथे शिकायला आला. लहानपणी पोलिओ झालेला, मानेखालचं शरीर जवळपास निकामी, रात्री झोपायला लोखंडी श्वासयंत्र लागायचं, ते एवढं अवजड की हॉस्टेलच्या कुठल्याच खोलीत ठेवता येईना. युनिव्हर्सिटीने आधी खळखळ केली, मग कॅम्पसवरच्या कॉवेल हॉस्पिटलमध्ये त्याची राहायची सोय केली. त्याच्या मागोमाग अजून काही व्हीलचेअरवाले विद्यार्थी आले, त्यांनी मिळून ग्रुप केला आणि फुटपाथला उतार करा, दाराला रॅम्प द्या म्हणून मागे लागले. १९७२ मध्ये याच लोकांमधून तिथलं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे दिव्यांगांना स्वतंत्रपणे जगता यावं म्हणून काम करणारी संस्था, उभं राहिलं.

पुढच्याच वर्षी, १९७३ ला, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा आला आणि त्यातलं कलम ५०४ सांगतं की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला दिव्यांग माणसाशी भेदभाव करता येणार नाही. कायदा झाला पण नियमांवर सही काही होईना, चार वर्षं नुसतं चाललंय चाललंय. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये दिव्यांग आंदोलकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी ऑफिसातच ठिय्या मारला, तीन आठवड्यांहून जास्त, आतल्या लोकांना जेवण ब्लॅक पँथर्सवाले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे लोक, आणून द्यायचे (हे शाळेच्या पुस्तकात असायला पाहिजे खरं तर). तेव्हा कुठे सही झाली. मग १९९० चा एडीए, म्हणजे दिव्यांगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा.

आता हे सगळं होतं ते रॅम्प, लिफ्ट, दारं, टॉयलेट यांच्यासाठी. इंटरनेटचा कोणाच्या डोक्यात विचारच नव्हता. १९९९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे निकष काढले, २००८ मध्ये त्याचं दुसरं व्हर्जन आलं, आणि आजही कोर्टकचेरीत त्याच्याच भाषेत बोलतात. त्यात मागितलंय तरी काय, तर चित्राला शब्दात वर्णन द्या, व्हिडिओला कॅप्शन द्या, माऊस न वापरता नुसत्या कीबोर्डने सगळं चालू दे, अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट ठेवा. रॉकेट सायन्स काही नाही. पण हे कोर्स बनवतानाच केलं तर सोपं, आणि दहा वर्षांचा ढीग साठल्यावर करायला बसलं की खर्चाचा आकडा बघून अकाउंटवाल्यांचे डोळे पांढरे होतात.

आणि ढीग साठलाच. एमआयटीने २००१ मध्ये ओपन कोर्सवेअर, म्हणजे कोर्सचं मटेरियल नेटवर फुकट, जाहीर केलं, २०१२ मध्ये एमआयटी आणि हार्वर्डने मिळून एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची साइट काढली, बर्कलेही त्यात आलं. खूपशी जुनी लेक्चर्स म्हणजे वर्गात कॅमेरा लावून केलेलं रेकॉर्डिंग. सर फळ्याकडे हात करून म्हणणार "हे इथून इकडे गेलं की हे शून्य होतं", आता न दिसणाऱ्या मुलाने यातून काय घ्यायचं? आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला तर एवढंही नाही, त्याच्यासाठी मशीनने टाकलेली कॅप्शन, ज्यात नेमके विषयाचे शब्दच चुकलेले असतात. थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरमध्ये तेवढा थर्मोडायनॅमिक्स सोडून बाकी सगळं बरोबर, असला प्रकार.

फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने हार्वर्ड आणि एमआयटी दोघांवर केस टाकली. त्याच एप्रिलमध्ये एडएक्सने न्याय खात्याशी समझोता केला. हार्वर्डने २०१९ पर्यंत आणि एमआयटीने २०२० पर्यंत ताणलं आणि मग कॅप्शन द्यायचं कबूल केलं. बर्कलेची तक्रार तर त्याच्याही आधीची, २०१४ ची, गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या दोघांनी केलेली. ऑगस्ट २०१६ मध्ये न्याय खात्याचं पत्र आलं की कॅप्शन नाहीत, पीडीएफ स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येत नाहीत, कॉन्ट्रास्ट कमी आहे, हे दुरुस्त करा. काढून टाका असं त्यात नव्हतं. तो निर्णय युनिव्हर्सिटीचा, जुनं दुरुस्त करण्याऐवजी झाकून ठेवणं स्वस्त पडत होतं. माझ्या मते राग काढायचाच तर तो इथे काढायला पाहिजे होता. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्कलेने न्याय खात्याशी कोर्टामार्फत करार केला आणि ऑनलाइन मटेरियल सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल असं, करायचं मान्य केलं.

आपल्याकडे कायदे काही कमी नाहीत. दिव्यांगांसाठीचा १९९५ चा कायदा होता, मग २०१६ चा आला, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, उच्च शिक्षणात निदान ५ टक्के जागा राखीव झाल्या, इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम पाहिजे असं कलम ४२ मध्ये स्वच्छ लिहिलंय. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुगम कॉप्या करता याव्यात म्हणून २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, आणि त्याच विषयावरच्या मराकेश कराराला मंजुरी देणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून आहे. यूजीसीने २०२२ मध्ये सुगमतेच्या गाइडलाइन्सही काढल्या.

पण मराठीत शिकणाऱ्या मुलाची अडचण अजून वेगळीच आहे. कॉलेजच्या जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. स्क्रीनवर "मराठी" दिसतं, पण फाइलच्या आत, कृतिदेव असेल तर, ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं बसलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी कपडे घालतो. स्क्रीन रीडर कपडे बघत नाही, तो आतली अक्षरं वाचतो, म्हणजे पानभर नुसती बडबड. बरं हे निदान कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केलेल्या नोट्स व्हॉट्सअॅपवर यायला लागल्या, त्यात तर आत अक्षरंच नाहीत, नुसतं चित्र. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करावं तर वहीतलं हस्ताक्षर, ते सरांनाच वाचता आलं तर आलं. वर ऑनलाइन क्विझला टायमर, आणि बटनांना नावं न दिल्यामुळे कानात फक्त "बटन, बटन, बटन".

आपल्याकडे उलट उदाहरणही आहे. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चर्सच्या उपक्रमाने बऱ्याच लेक्चर्सचे ट्रान्सक्रिप्ट दिले, मराठीसकट इतर भारतीय भाषांतही आणले. हे मुख्यतः इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी, पण कर्णबधिर मुलालाही तेच लागतं.

कोर्टही अलीकडे कडक झालंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमावलीतला सुगमतेचा नियम १५ कायद्याला धरून नाही म्हणून रद्द केला, कारण त्यात सक्तीचं काय आणि नुसती सूचना काय याचा घोळ होता, आणि सरकारला सक्तीचे निकष बनवायला तीन महिने दिले. एप्रिल २०२५ मध्ये केवायसीच्या (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) प्रकरणात कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कॉलेज ऐकतच नसेल तर २०१६ च्या कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, ऑफिस पुण्यात आहे. नुसतं "कोर्स वापरता येत नाही" असं लिहू नका, कुठली पीडीएफ, कुठला फॉन्ट, क्विझमधलं कितवं बटन, स्क्रीनशॉटसकट द्या, म्हणजे टोलवाटोलवीला जागा कमी राहते.