बंगालच्या उपसागरातील गोड्या पाण्याचा थर

पावसाळ्यात आणि त्यानंतर बंगालच्या उपसागराच्या, विशेषतः त्याच्या उत्तर भागाच्या, पृष्ठभागावर पसरणारे कमी खारट पाणी. हे पाणी पिण्याजोगे नसते, पण खालच्या पाण्याहून ते इतके हलके असते की सहजासहजी त्यात मिसळत नाही. जगाचे जलचक्र समुद्राशी कसे जोडलेले आहे हे समजून घ्यायला भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

जलचक्र म्हटले की डोंगर, ढग आणि नदी डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात त्याचा फार मोठा भाग जमिनीला शिवतही नाही. पृथ्वीवरील सुमारे ८५ टक्के बाष्पीभवन समुद्रावरून होते आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक पाऊसही समुद्रावरच पडतो. या देण्याघेण्यात समुद्राला वर्षाकाठी सुमारे ४०,००० घन किलोमीटर पाण्याची तूट येते. तेवढे पाणी वाफेच्या रूपाने जमिनीवर येते आणि मुख्यतः नद्यांवाटे परत जाते. वाफ होताना मीठ मागेच राहते. त्यामुळे समुद्राच्या पाण्याची लवणता (सरासरी दर किलोग्रॅमला ३५ ग्रॅम) पाहिली की कुठे बाष्पीभवनाचे पारडे जड आहे आणि कुठे पावसाचे, ते कळते.

भारताच्या दोन्ही अंगांना या हिशेबाची दोन टोके दिसतात. अरबी समुद्रात पाऊस आणि नद्यांच्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून त्याच्या उत्तर भागात लवणता ३६ च्याही वर जाते. बंगालच्या उपसागरात नेमके उलट आहे. भरपूर पावसाखेरीज गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना, म्यानमारमधली इरावती, महानदी, गोदावरी आणि कृष्णा त्याला येऊन मिळतात. यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. गोदावरीच्या उगमापासून, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून, अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, तरी ती पूर्वेला १,४६५ किलोमीटर वाहत जाते. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर ओतलेले बरेचसे पाणी असे दुसऱ्याच समुद्रात पोहोचते.

एरवी वारा समुद्र घुसळतो आणि खालचे थंड पाणी वर आणतो. इथे तसे होत नाही. वरचा कमी खारट थर पातळ असतो. त्याच्याखाली तितकेच उबदार पण अधिक खारट पाणी असते आणि थंड पाणी त्याच्याही खाली राहते. मधल्या या थराला अडथळा-थर म्हणतात. त्यामुळे पावसाळ्यातही उपसागराच्या पृष्ठभागाचे तापमान सहसा २८ अंश सेल्सिअसच्या वर टिकते, ढगांना बळ मिळते आणि कमी दाबाचे पट्टे पुन्हा पुन्हा तयार होतात. जमिनीवरून वाहून गेलेले पाणी अशा रीतीने पुढच्या पावसाला हातभार लावते, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. या थराची दुसरी बाजू अशी, की खालची पोषकद्रव्येही वर येऊ शकत नाहीत. म्हणून वनस्पतिप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या) वाढीत हा उपसागर अरबी समुद्राच्या मागे पडतो.

पावसाळा सरला की किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणवाहिनी होतो आणि हे पाणी सोबत नेतो. त्याचा माग काढायला गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मच्छीमारांची मदत घेतली. २००५ पासून किनाऱ्यावरच्या ठरलेल्या ठिकाणी मच्छीमार दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात उतरून बादलीने नमुना घेत. त्यावरून दिसले की पावसाळ्याच्या अखेरीस उत्तरेकडची लवणता १० ग्रॅमहून अधिक घटते. हे पाणी सुमारे १०० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत अडीच महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकाला पोहोचते. शास्त्रज्ञांनी त्याला ‘समुद्रातली नदी’ म्हटले. २००९ पासून उपग्रहही लवणता मोजू लागले आहेत, पण जमीन जवळ असली की त्यांचे मापन बिघडते. अगदी काठावरच्या पाण्यासाठी म्हणूनच या नमुन्यांचे मोल मोठे आहे.

हिवाळ्यात यातले काही पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागात शिरते. पावसाळ्यात प्रवाह उलटतो. तेव्हा अरबी समुद्राचे खारट, जड पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेकडून उपसागरात येते आणि गोड्या थराच्या खाली उतरते. नद्या वर्षानुवर्षे पाणी ओतत असूनही उपसागर गोडा होत जात नाही, तो या मिठाच्या पुरवठ्यामुळे.