ट्री इंडेक्समधला नियरेस्ट-नेबर शोध (केएनएन)

डेटाबेसला "या बिंदूच्या सगळ्यात जवळचे दहा दे" असं विचारलं की त्याने अख्खं टेबल न चाळता, इंडेक्सच्या (पटकन शोधता यावं म्हणून ठेवलेल्या सूचीच्या) झाडातूनच आधी जवळचं मग लांबचं अशा क्रमाने एकेक रो, म्हणजे टेबलमधली ओळ, काढून द्यायची, याला ट्री इंडेक्समधला नियरेस्ट-नेबर शोध म्हणतात. थोडक्यात केएनएन, त्यातला के म्हणजे किती हवेत तो आकडा. प्रश्न साधा आहे, पण डेटाबेसचे इंडेक्स मुळात या प्रश्नासाठी बनलेलेच नव्हते, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

नेहमीचा इंडेक्स हो किंवा नाही एवढंच सांगतो. ही रो या रेंजमध्ये बसते का, हा बिंदू या चौकटीत येतो का, नसेल तर ती फांदी सोडून द्या. "जवळचं" या शब्दाला मात्र अशी हद्दच नाही, सगळेच बिंदू कमीजास्त अंतरावर असतात, मग सोडायचं कोणाला? नुसता एक आकडा किंवा तारीख असेल तर बी-ट्रीमध्ये (किमती क्रमाने लावून ठेवणाऱ्या नेहमीच्या इंडेक्समध्ये) भागतं, त्या जागी जायचं आणि दोन्ही बाजूंना सरकायचं, म्हणजे दोन क्वेरी लिहून, एक चढती एक उतरती, त्यांचे निकाल एकत्र करायचे. नकाशावर मात्र डावं-उजवं असा एकच क्रम नसतो. म्हणून १९८४ मध्ये अँटोनिन गटमन यांनी आर-ट्री मांडला, त्यात जवळजवळच्या वस्तू एका चौकटीत, त्या चौकटी अजून मोठ्या चौकटीत, असं वरपर्यंत. पण तोही चौकटीत काय येतं एवढंच शोधायचा.

त्यामुळे लोक बराच काळ एक जुगाड करायचे (आणि अजूनही करतात): अंदाजाने एक त्रिज्या धरायची, त्यात जे सापडेल ते सॉर्ट करायचं, कमी पडलं तर त्रिज्या दुप्पट करून परत. दाट भागात यात हजारो रो उगाच वाचल्या जातात आणि विरळ भागात पाच-सहा वेळा रिकाम्या हाताने परत यावं लागतं. बरोबर त्रिज्या आधी कळायला उत्तरच माहीत असावं लागतं, हा याचा मूळ दोष.

खरा मार्ग १९९५ च्या आसपास निघाला. त्या वर्षी रुसोपुलोस, केली आणि व्हिन्सेंट यांनी आर-ट्रीवर फांद्या छाटत जवळचा शेजारी शोधायची पद्धत दिली, आणि त्याच सुमाराला ह्याल्टासन आणि सॅमेट यांनी प्रायॉरिटी क्यूची (ज्या रांगेतून दरवेळी सगळ्यात कमी आकड्याचं आधी निघतं) पद्धत मांडली, आज डेटाबेसमध्ये चालते ती मुख्यतः हीच. कल्पना अशी की चौकटीच्या आत काय आहे ते न उघडता एक गोष्ट छातीठोक सांगता येते, ती म्हणजे आतला कुठलाही बिंदू चौकटीच्या जवळच्या कडेपेक्षा जवळ असूच शकत नाही. मग चौकटी आणि बिंदू दोन्ही एकाच क्यूमध्ये अंतराप्रमाणे टाकायचे आणि दरवेळी सगळ्यात कमी अंतराचं काढायचं. चौकट निघाली तर उघडून आतलं सगळं परत क्यूमध्ये, बिंदू निघाला तर तो उत्तर, कारण बाकी सगळं त्याच्याइतकंच किंवा त्याहून लांब आहे.

उदाहरण घेऊ. तीन चौकटी आहेत, अंतरं ०, ४ आणि ९, शून्य म्हणजे आपण त्या चौकटीच्या आतच उभे आहोत. ती उघडली तर आत ६ आणि ११ अंतरावरचे बिंदू निघाले. इथे थांबून ६ हे उत्तर दिलं तर चुकलो, कारण ४ ची चौकट अजून बाकी आहे, ती उघडल्यावर ५ आणि ८ मिळतात. आता क्रमाने ५, ६, ८ बाहेर पडतात आणि तीनच हवे असतील तर ९ ची चौकट शेवटपर्यंत उघडावीच लागत नाही! किती हवेत ते आधी सांगायचीही गरज नाही, मागणारा थांबला की शोध थांबला. इंडेक्स इथे गाळणी राहत नाही, सॉर्ट करून देणारा होतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे ९.१ व्हर्जनला, २०११ मध्ये आलं, ओलेग बार्तुनोव आणि तिओदोर सिगाएव यांच्या कामातून. त्यांनी ते जिस्ट इंडेक्सवर बसवलं. जिस्ट म्हणजे १९९५ मध्ये हेलरस्टाइन, नॉटन आणि फेफर यांनी मांडलेला एक सांगाडा, ज्यात झाड सांभाळायचं काम डेटाबेस करतो आणि डेटाटाइपवाला फक्त काही फंक्शन देतो. केएनएनसाठी त्यात एकच फंक्शन वाढवलं, अंतर सांगणारं. म्हणूनच हे फक्त नकाशापुरतं राहिलं नाही, ट्रायग्रॅम (शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे) एक्स्टेंशनमुळे स्पेलिंग चुकलेल्या शब्दाच्या जवळचे शब्दही याच रस्त्याने मिळतात. क्वेरीत ऑर्डर बायमध्ये (क्रम सांगायच्या भागात) <-> हा अंतराचा ऑपरेटर लिहायचा आणि पुढे लिमिट, म्हणजे किती हवेत तो आकडा. २०१९ मध्ये १२ व्या व्हर्जनला एसपी-जिस्ट या जिस्टच्या भावंड इंडेक्सलाही ही सोय मिळाली.

एक अडचण बरीच वर्षं होती. नदी, रस्ता, प्लॉट असे वेडेवाकडे आकार इंडेक्समध्ये फक्त चौकट म्हणून असतात, खरं अंतर मूळ रो वाचल्याशिवाय कळत नाही. पोस्टजीआयएस या पोस्टग्रेसच्या नकाशा-एक्स्टेंशनच्या २.० व्हर्जनमध्ये <-> हे चौकटींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर द्यायचं, म्हणजे लांबलचक नदीच्या काठावर उभं राहिलात तरी ती लांब दिसायची, म्हणून लोक शंभर उमेदवार काढून त्यातून खरे दहा निवडायचे आणि तरी एखादा सुटायचा. पोस्टग्रेस ९.५ पासून इंडेक्सने दिलेलं अंतर किमान धरतात, खरं अंतर मोजून ती रो परत क्यूमध्ये टाकतात आणि तिची पाळी आली की मगच बाहेर सोडतात. अट एकच, अंदाज खऱ्यापेक्षा जास्त कधीच नको. जास्त झाला तर क्रमाची हमीच गेली.

वापरताना लोक ठेचकाळतात ते साध्या गोष्टींवर. ऑर्डर बायमध्ये ऑपरेटरऐवजी अंतराचं फंक्शन लिहिलं तर इंडेक्स लागत नाही, उलटा क्रम मागितला तरी नाही. व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटींच्या भागात) दुर्मिळ अट असेल तर इंडेक्स बिचारा जवळच्या रो काढत राहतो आणि त्या एकेक करून बाद होत राहतात, दहा मिळवायला लाखभर वाचाव्या लागू शकतात, मग अटीचा कॉलमही त्याच जिस्ट इंडेक्समध्ये घेतलेला बरा.

दोन-तीन मितींत हे सगळं सुरेख चालतं, पण शेकडो मितींच्या व्हेक्टरवर (आकड्यांच्या लांब यादीवर) चौकटी एकमेकींवर इतक्या चढतात की जवळपास सगळ्यांचं किमान अंतर सारखंच दिसायला लागतं आणि झाड निम्म्याहून जास्त उघडावं लागतं. म्हणून पीजीव्हेक्टरसारखी पोस्टग्रेसची एक्स्टेंशन तिथे झाड सोडून एचएनएसडब्ल्यू नावाचा ग्राफ (जवळच्या बिंदूंना एकमेकांशी जोडणारं जाळं) वापरतात. क्वेरीत तोच <-> दिसतो, पण तिथलं उत्तर अंदाजे असतं, एखादा खरा शेजारी सुटू शकतो.