ऑपरेशनआधी उतरलेलं वजन

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी सुरगाणा-पेठपासून धुळे-नंदुरबारपर्यंतची माणसं नाशिक गाठतात. तोंडाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर असेल तर घास गिळणंच मुश्कील झालेलं असतं. केसपेपरवर आजचं वजन असतं. सहा महिन्यांपूर्वीचं बहुधा नसतं. सैल झालेला ब्लाउज तेवढा ते सांगतो.

वजन किती घटलं, हा आकडा किती मोलाचा, हे 1936 सालीच कळलं होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी पेप्टिक अल्सरचे, म्हणजे जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेल्या व्रणाचे, 46 रुग्ण अभ्यासले. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन 20 टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले तिघांमागे एक दगावले. बाकीच्यांत मृत्यूचं प्रमाण 3.5 टक्के होतं. त्याच दशकात ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी दाखवलं, की मोठ्या इजेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागतं. ऑपरेशन हीसुद्धा शरीराच्या लेखी इजाच.

पुढे 1968 मध्ये अमेरिकन सर्जन स्टॅन्ली डड्रिक यांनी शिरेतून पूर्ण पोषण देता येतं हे सिद्ध केलं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांच्या 1990च्या दशकातल्या कामानंतर ऑपरेशननंतर लवकर खाऊ घालण्याची पद्धत रुळू लागली.

मात्र वजनकाटा सगळं सांगत नाही. 2008 साली कॅनडातल्या कार्ला प्राडो आणि सहकाऱ्यांनी कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेल्या सीटी स्कॅनच्या एका छेदावरून स्नायू मोजले. लठ्ठ रुग्णांतही काहींचे स्नायू झडलेले निघाले, आणि ते इतरांपेक्षा कमी जगले. आपल्याकडे हे आणखी गंभीरपणे घ्यायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातली लपलेली चरबी आणि कमी स्नायू जगापुढे मांडले आहेत.

तरीही वॉर्डात डबा येतो तो पेजेचा, सोबत शहाळं. त्यामागची माया खरी, पण त्यातून प्रथिनं फारच थोडी मिळतात. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6 असतात. कुपोषण तीव्र असेल, तर कॅन्सरचं ऑपरेशनही 7 ते 14 दिवस पुढे ढकलून आधी रुग्णाचं पोषण करावं, असं याच संघटनेनं 2017 मध्ये सांगितलं.