किक मारायच्या आधी ॲक्सिलरेटर पिळून काहीच होत नाही

ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या थंडीत लष्कर भागात सकाळी कुठंही बघा, लोक बंद गाडीचा ॲक्सिलरेटर चार-पाच वेळा पिळतात, म्हणे पेट्रोल वर चढतं. अहो नाही चढत! कार्बोरेटरमधून (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) पेट्रोल ओढलं जातं ते इंजिन फिरल्यावर, हवेच्या ओढीनं, आणि बऱ्याच छोट्या कम्युटर गाड्यांना ॲक्सिलरेटर पंप (पिळल्यावर जादा पेट्रोल फवारणारा छोटा पंप) नसतोच, म्हणजे तुम्ही नुसता स्लाइड, कार्बोरेटरमधली हवेची झडप, वरखाली करताय. चोक ओढा, किक मारा. तरीही चालू होत नसेल आणि गाडी महिनाभर उभी असेल तर फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा, तळाशी पाण्याचे गोळे वेगळे दिसले की दुखणं सापडलं. नाहीतर पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी छोटी नळी, बघा, त्याचं भोक इतकं बारीक असतं की वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट्यानंही बुजतं. क्लीनर स्प्रे मारा, पण प्लीज तार घालू नका, भोक मोठं होतं.