फोटोतली चमक घालवायची तर फिल्टर एक नाही, दोन लागतात

दातांचे, त्वचेचे किंवा लॅबमधल्या स्पेसिमेनचे फोटो काढणारे दुकानात आले की आधी लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड आत सोडणारा फिल्टर, मागतात, आणि आम्ही तो लगेच काढून देत नाही. बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या पाण्यावरची तिरपी चमक तो एकटा मारतो, पण तुम्ही फोटो समोरून फ्लॅश मारून काढता, तिथे फिल्टर कितीही फिरवा, पांढरा ठिपका जागचा हलत नाही.

म्हणून फ्लॅशवरही लिनिअर फिल्म, म्हणजे पोलरायझरचाच पातळ तुकडा, लावायची, आणि लेन्सवरचा फिल्टर तिच्याशी ९० अंशात. ओल्या दातावरून जो उजेड वरच्या वर परत फिरतो त्याच्या कंपनाची दिशा बदलत नाही, त्यामुळे तो लेन्सपाशी अडतो, आणि जो आत शिरून भटकून बाहेर येतो त्याच्या कंपनाची दिशा विस्कटलेली असते, त्यातला साधारण अर्धा आत येतो आणि खरा रंग त्याच्यातच असतो, म्हणजे दाताची शेड, इनॅमलवरचे पांढरे डाग, कातडीतला लालसरपणा.

सेटिंग सोपं आहे. स्टीलचा चमचा समोर धरा, लेन्सचा फिल्टर थोडाथोडा फिरवत फोटो मारत जा, फ्लॅशचा ठिपका विझून काळपट-जांभळा झाला की थांबा आणि रिंगवर मार्करने खूण करून टाका, रोजची कटकट संपली.

दोन फ्लॅश असतील तर दोन्ही तुकडे एकाच दिशेने कापलेले पाहिजेत. एकावर एक ठेवून खिडकीकडे धरा, आरपार दिसलं तर ठीक, काळं झालं तर एक आडवा कापलाय. फिल्मच्या दोन्ही बाजूंचं पातळ प्लास्टिकही सोला, लोक हमखास विसरतात आणि मग आमची फिल्म खराब म्हणतात!

लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर (कॅमेऱ्यांसाठी नेहमी मिळतो तो) चालतो, फ्लॅशवर नको. उजेड बराच खाल्ला जातो, दोन-तीन स्टॉप धरून चाला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), फ्लॅशची पॉवर वाढवा नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद. रंग थोडा सरकतो म्हणून पहिला फोटो ग्रे कार्डाचा, म्हणजे रंग जुळवायच्या करड्या कार्डाचा, घ्या. तापणाऱ्या हॅलोजनला फिल्म चिकटवू नका, जळते.

आता जे विकताना कोणी सांगत नाही ते. चमक गेली की पोतही जातो. पुरळ सपाट आहे की उठलेलं, खवले आहेत का, जखम ओली आहे का, हे बरंचसं चमकेवरूनच कळतं. म्हणून प्रत्येक केसचे दोन फोटो काढा, एक चमक मारलेला आणि एक साधा, नाहीतर नुसत्या रंगावरून बघणारा फसतो. ब्रेसेसच्या तारा आणि धातूच्या कॅप काळ्या पडतात, ओठ बाजूला धरणाऱ्या पारदर्शक रिट्रॅक्टरवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात, तो कॅमेऱ्याचा दोष नाही.

वॉर्निश केलेल्या तैलचित्रांनाही हाच सेटअप चालतो, फाइन आर्ट्सवाल्यांनी विचारायला यावं, फक्त लाइट दोन बाजूंना ठेवावे लागतात.

येताना फ्लॅश आणि लेन्स दोन्ही घेऊन या, मोबाईलवर पाठवलेलं माप चुकतं. दुकान दांडिया बाजारात, रविवारी बंद असतं पण फोन करून आलात तर उघडू, दुपारी एक ते चार सोडून.